पुराच्या रात्री पोस्ट टाकायचा अधिकार कोणाकडे?

प्रश्न: मी नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात नुकतीच रुजू झाले आहे. कार्यालयाचं फेसबुक पान, एक्सवरचं खातं आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल असं सगळं माझ्याकडे सोपवलं आहे. गोदावरीला पूर आला किंवा दुसरी काही आपत्ती ओढवली तर हे नेमकं कसं वापरायचं? काय टाकायचं, काय टाळायचं, आणि अफवांचं काय करायचं?

उत्तर:

ताई, ‘काय टाकायचं’ याकडे जरा नंतर येतो. त्याआधी तुमच्या साहेबांना एक गोष्ट विचारून घ्या, आणि ती पावसाळा सुरू व्हायच्या आत विचारा. रात्री दोन वाजता पाणी वाढायला लागलं, तर मी कोणाला न विचारता पोस्ट टाकू शकते का? ‘आधी मला दाखवा, मग टाका’ असं उत्तर आलं, तर तुमच्या पानाला कितीही लोक जोडलेले असोत, ऐन वेळी त्याचा उपयोग व्हायचा नाही.

नियंत्रण कक्षात बरेच पावसाळे काढल्यावर मी हे ठामपणे म्हणतो. उशीर होतो तो लिहिण्यात नाही. धरणावरून निरोप आलेला असतो आणि मजकूर पाच मिनिटांत तयार होतो. मग तो एका साहेबांकडून दुसऱ्या साहेबांकडे जातो. एक साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत असतात, दुसऱ्यांचा फोन लागत नाही, तिसरे ‘सतर्क राहावे’च्या जागी ‘दक्षता घ्यावी’ करून परत पाठवतात. तेवढ्या वेळात गावातल्या ग्रुपवर कोणीतरी ‘धरण फुटलं’ असं लिहून मोकळा झालेला असतो. त्याला कोणाची सही लागत नाही.

‘धरण फुटलं’ हे शब्द महाराष्ट्रात किती खोल जातात ते लक्षात घ्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुणे पाण्याखाली गेलं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीही घरात ऐकलेलं असतं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, ते तर अगदी अलीकडचं. म्हणून नाशिकच्या वर गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणाचे दरवाजे उचलले आणि कार्यालय गप्प राहिलं, की अफवा हीच पहिली बातमी ठरते. त्या अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख समजू नका. तो घाबरलेला असतो आणि जो बोलतोय त्याचं ऐकतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात जानेवारी 2011 मध्ये मोठे पूर आले. तिथल्या पोलिसांनी फेसबुक आणि ट्विटर ज्या तऱ्हेने वापरलं, त्याचा अभ्यास या क्षेत्रात आजही होतो. त्यांनी काही जगावेगळं तंत्र वापरलं नव्हतं. माध्यम कक्षातल्या माणसांवर भरवसा टाकला आणि नेहमीच्या मंजुऱ्यांची साखळी बाजूला ठेवून त्यांना थेट माहिती देऊ दिली. तिथेही वायव्हनहो धरण कोसळणार अशी आवई उठली होती. पोलिसांनी अफवा खोडणाऱ्या पोस्टसाठी एक ठरावीक खूण ठेवली होती. त्या खुणेखाली धरण कोसळणार नाही असं स्पष्ट लिहिलं आणि लोकांनीच ते पुढे पाठवलं.

याच्या उलटं उदाहरण हवाईचं. 13 जानेवारी 2018 च्या सकाळी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून तिथल्या सगळ्या मोबाईलवर गेला. इशारा खोटा असल्याचं राज्याच्या आपत्ती खात्याला काही मिनिटांतच कळलं होतं, पण तो मागे घेणारा संदेश त्याच मोबाईलवर पोहोचायला 38 मिनिटं लागली. चुकीचा इशारा रद्द करण्याचा तयार मजकूरच नव्हता, आणि तो पाठवायला कोणाची परवानगी हवी यावरून घोळ झाला. राज्याच्या गव्हर्नरांना स्वतःच्या ट्विटर खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. तेवढ्या वेळात लोक मुलांना घेऊन न्हाणीघरात आणि गटारांत लपले होते.

तर पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, साहेबांसमोर बसून मजकूर मंजूर करून घ्या. रिकाम्या जागा ठेवलेले आठ-दहा मजकूर पुरतात: धरणातून पाणी सोडणार आहेत, विसर्ग वाढणार आहे, कमी होतो आहे, अमुक पूल बंद, अमुक पूल सुरू, निवारा कुठे उघडला, शाळांना सुट्टी आहे, सुट्टी नाही, आधीचा संदेश चुकीचा होता, तो रद्द समजावा. यातला शेवटचा मजकूर कोणी करून ठेवत नाही, म्हणून तो आधी करा. या मजकुरांत फक्त वेळ, ठिकाण आणि आकडा भरायचा असेल, तर रात्रपाळीच्या माणसाने कोणाला विचारायचं नाही, असं लेखी घ्या. जीवितहानीचा आकडा, चूक कोणाची, नुकसान किती, मदत किती मिळणार, याबद्दल मात्र वरिष्ठांनाच बोलू द्या. ही रेघ आखून दिली की साहेबही निर्धास्त होतात. त्यांना भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या पोस्टची, आणि त्या भीतीपायी पहिल्या प्रकारच्या अडकून पडतात.

आता मजकुराकडे येतो. आपल्याकडचा ठरलेला संदेश असा असतो: ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढविण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ यात खोटं काहीच नाही. पण तुमच्या तालुक्यातल्या, गोदाकाठच्या चांदोरीच्या शेतकऱ्याने हे वाचून नेमकं काय करायचं? कधी करायचं? आणि पाणी त्याच्यापर्यंत येणार आहे की नाही?

निफाडची अडचण नाशिक शहरापेक्षा वेगळी आहे, ती ध्यानात घेऊन लिहा. पाऊस पडतो तिकडे त्र्यंबकला आणि इगतपुरीला. त्र्यंबकचं पाणी गंगापूरमध्ये येतं, इगतपुरी-घोटीचं दारणा धरणात. दारणा सांगवीजवळ दारणा गोदावरीला मिळते, आणि चांदोरी-सायखेड्याला दोन्हींचं पाणी एकत्र येऊन भिडतं. त्या वेळी निफाडमध्ये अनेकदा ऊन पडलेलं असतं, द्राक्षबागेत कामं चालू असतात. आभाळ कोरडं असताना पुराचा इशारा वाचला की माणसाला तो उगाच दिल्यासारखा वाटतो. म्हणून संदेशात कारण लिहा, आणि गंगापूरसोबत दारणेचाही आकडा द्या. हवामान विभाग नाशिक जिल्ह्याचा इशारा आणि नाशिकच्या घाटमाथ्याचा इशारा वेगवेगळा देतो. घाटमाथ्याचा रेड अलर्ट आपल्या भागात पाऊस नसतानाही आपल्याच नदीत उतरतो, हे एकदा नीट समजावून सांगा.

नमुना देतो. वेळा केवळ समजण्यासाठी आहेत, ‘अमुक’च्या जागी आकडा भरायचा:

‘सोमवार, दुपारी 2.00. त्र्यंबक आणि इगतपुरीत जोराचा पाऊस चालू आहे. दुपारी 3 वाजता गंगापूर धरणाचा विसर्ग अमुक क्युसेकपर्यंत आणि दारणा धरणाचा अमुक क्युसेकपर्यंत वाढवणार. चांदोरी, सायखेडा आणि नदीकाठच्या गावांत आज रात्री पाणी वाढेल. काठावरच्या पाण्याच्या मोटारी आणि पाइप अंधार पडायच्या आत काढून घ्या. जनावरं उंचावर बांधा. रात्री नदीकडे जाऊ नका. सायखेडा पूल सध्या सुरू आहे, बंद झाला तर इथेच कळवू. मदतीसाठी 1077. पुढची माहिती सायंकाळी 5 वाजता.’

वार आणि वेळ अगदी पहिल्या ओळीत का, ते सांगतो. संदेश तुमच्या पानावरून उचलला जातो आणि पुढे पुढे जातो, तेव्हा त्याची तारीख मागे राहते. परवाचा इशारा आज फिरतो. मजकूर चित्रावर असेल तर चित्रावरही तारीख टाका, आणि कोपऱ्यात बारीक नव्हे, वरती ठळक.

‘मोटारी काढून घ्या’ ही ओळ कार्यालयीन भाषेत बसत नाही म्हणून कोणी गाळायला सांगितलं, तर ऐकू नका. नदीकाठच्या शेतकऱ्याची पुरात पहिली धावपळ तीच असते. दिवसाउजेडी कळलं तर तो सुखरूप काढून आणतो, उशिरा कळलं तर अंधारात पाण्यात उतरतो. एका ओळीने जीव वाचतो म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे.

क्युसेकचा आकडा द्याच, नदीकाठची जुनी माणसं त्यावरून बरोबर अंदाज बांधतात. पण नुसता आकडा देऊ नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे 28 टँकर दर सेकंदाला रिते होणं. हे पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा समजावून ठेवलं की पुढे आकडा वाचताच लोकांना त्याचं वजन कळतं. शहरात आणखी सोपी सोय आहे. पूर किती आला हे नाशिककर पिढ्यान् पिढ्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागणं ही महापुराची खूण. 1969, 2008, 2016, 2019 या पुरांच्या आठवणीही याच खुणांनी सांगितल्या जातात. शहरातल्या यंत्रणेने होळकर पुलाखालचा विसर्ग देताना सोबत मारुतीची खूण सांगितली, तर सराफ बाजारातल्या दुकानदाराला आणि भांडी बाजारातल्या हमालाला एका वाक्यात सगळं समजतं. तुमच्या गावातही अशी काहीतरी खूण असणार, एखादं देऊळ, पुलाचा खांब, पाराची पायरी. ती जुन्या माणसांना विचारून घ्या आणि तुमच्या मजकुरात घाला.

आकड्यांचा आणखी एक घोळ होतो. गंगापूरमधून सोडलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून वाहणारं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत, कारण मधले नाले आणि शहरातला पाऊस त्यात भर घालतात. एक खातं पहिला आकडा टाकतं, दुसरं दुसरा, तिसरं सकाळी आठचा आकडा अकरा वाजता टाकतं. लोकांना वाटतं, यांचं यांनाच माहीत नाही. यावर उपाय एकच, प्रत्येक गोष्टीचा धनी ठरवून टाकायचा. विसर्ग जलसंपदा सांगेल. रस्ते आणि पूल पोलीस सांगतील. शाळांची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतील. निवारे शहरात महापालिका, तालुक्यात तहसील सांगेल. वीज महावितरण. बाकीच्यांनी त्या धन्याचीच पोस्ट जशीच्या तशी पुढे पाठवायची, स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायची नाही. आपल्या पानावर स्वतःची पोस्ट दिसावी असा मोह सगळ्यांनाच होतो, तो आवरा.

‘पुढची माहिती अमुक वाजता’ ही ओळ मला सगळ्यात प्रिय आहे. ती लिहिली की पाळायचीच. पाच वाजता सांगण्यासारखं नवं काही नसेल, तर ‘पाच वाजले, परिस्थिती दुपारसारखीच आहे, पुढची माहिती सात वाजता’ एवढं तरी टाका. माणसं बातमीइतकीच या ठरल्या वेळेला धरून राहतात. एक-दोनदा वेळ पाळली गेली की लोक एकमेकांना सांगायला लागतात, थांबा, सातला कळेल. वेळ चुकली की तेच लोक पुन्हा गावच्या ग्रुपकडे वळतात, आणि तिथून त्यांना परत आणणं फार अवघड जातं.

फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुथडी भरून वाहणाऱ्या गोदावरीचा ड्रोनमधून काढलेला सुंदर व्हिडिओ कुठल्याही सरकारी पानाने पूर चालू असताना टाकू नये. तो हजारो लोक बघतात आणि त्यातले शेकडो होळकर पुलावर, रामकुंडावर नाहीतर सोमेश्वरच्या धबधब्यावर प्रत्यक्ष बघायला निघतात. लहान मुलांना खांद्यावर घेऊन येतात. बंदोबस्तावरच्या पोलिसांचा निम्मा वेळ मग याच गर्दीला मागे सारण्यात जातो. दाखवायचंच असेल तर बंद केलेला रस्ता दाखवा, आडवे लावलेले बॅरिकेड दाखवा, नदीकाठच्या गौरी पटांगणावर आदल्या पुरात अडकलेल्या गाड्या दाखवा. आणि पाहणी दौऱ्याचे फोटो, म्हणजे छत्रीखाली उभे असलेले साहेब आणि मागे पंधरा माणसं, हे आपत्तीच्या पानावर नकोतच. ते दुसऱ्या पानावर, दुसऱ्या दिवशी टाका. ज्याच्या घरात पाणी शिरलंय, तो त्या पानावर एकच गोष्ट शोधत असतो. त्याला ती तीन फोटोंच्या खाली शोधायला लावू नका.

सही-शिक्क्याचं पत्रक स्कॅन करून टाकण्याची सवयही मोडायला हवी. अक्षर बारीक असतं, कमी रेंजमध्ये ते उघडत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन चित्रातला मजकूर वाचून दाखवू शकत नाही. साधा मजकूर आधी, पत्रक नंतर. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरला दशक्रिया, पूजा आणि दर्शनासाठी गुजरातपासून उत्तर भारतापर्यंतची माणसं येतात, घाटावर गाडी लावून विधीला बसतात. त्यांना नदीचा स्वभाव ठाऊक नसतो. शहरातल्या आणि त्र्यंबकच्या यंत्रणेने प्रत्येक इशारा हिंदीतही टाकला पाहिजे, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता येणाऱ्या संदेशांकडे येऊ. बहुतेक कार्यालयं हे पान फलकासारखं वापरतात, खाली लोक काय लिहितात ते कोणी बघतच नाही. पूर आला की तिथेच ‘आई-बाबा गच्चीवर अडकलेत’ असं कोणीतरी पुण्याहून लिहितं. नियंत्रण कक्षाचा फोन लागत नसतो म्हणून लिहितं. यासाठी एक माणूस वेगळा हवा. लिहिणारा आणि वाचणारा एकच असेल तर दोन्ही कामं बिघडतात. वाचणाऱ्याने नोंदवहीत लिहायचं: ठिकाण आणि जवळची खूण, माणसं किती, म्हातारी, आजारी किंवा गरोदर कोणी आहे का, तिथल्या माणसाचा नंबर, आणि संदेश किती वाजता आला. मग तो थेट बचाव पथकाच्या समन्वयकाकडे द्यायचा. सुटका झाली की त्याच पोस्टखाली ‘सुखरूप बाहेर काढलं, वेळ अमुक’ असं लिहायचं. केरळमध्ये ऑगस्ट 2018 च्या महापुरात हाच मोठा प्रश्न झाला. समाजमाध्यमांवरून आलेल्या हाकांमुळे असंख्य लोक वाचले, पण सुटका झालेल्यांचे संदेशही फिरतच राहिले आणि पथकांचा वेळ त्यांत गेला.

फोन नंबर जाहीरपणे लिहायला सांगू नका, ‘आम्हाला खासगी संदेशात पाठवा’ म्हणा. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्लाझ्मा आणि ऑक्सिजनसाठी नंबर टाकलेल्या बायकांना नको ते फोन आले, हे तेव्हा अनेकींनी उघड सांगितलं. त्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये खाटा, रेमडेसिव्हिर आणि ऑक्सिजन यांसाठी माणसं कशी वणवण फिरत होती, ते मी जवळून पाहिलं आहे. सरकारी पानांवर रोज रुग्णसंख्येचा तक्ता येत होता. ‘आत्ता कुठल्या रुग्णालयात खाट आहे’ हे मात्र तरुण पोरंपोरी एकेका ठिकाणी फोन करून, खातरजमा करून, स्वतःच्या यादीत लिहीत होती. त्या मुलांना शत्रू समजायचं नसतं. त्यांना नियंत्रण कक्षाच्या यादीशी जोडून घ्यायचं असतं.

याच काळात, 30 एप्रिल 2021 ला, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या किंवा अडचण मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 मध्ये घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि त्याच्या आधाराने ‘गुन्हा दाखल करण्यात येईल’ ही ओळ प्रत्येक पोस्टखाली चिकटवायची सवय लागली आहे. तसं करू नका. ज्याला बंधाऱ्याला चीर दिसली आहे, तो ही ओळ वाचून फोटो टाकायला घाबरतो. मुद्दाम खोटं पसरवणाऱ्यावर कारवाई पोलीस करतीलच. तुमचं पान माहिती मागणारं असू द्या.

अफवा खोडायची कशी? आधी खरं काय ते लिहा, मग अफवेचा उल्लेख करा, तोही थोडक्यात. ‘गंगापूर धरण सुरक्षित आहे. ठरल्याप्रमाणे दरवाज्यांतून पाणी सोडलं जात आहे. धरणाला तडा गेल्याचा फिरणारा संदेश खोटा आहे.’ खोटा फोटो दाखवायचा झाला तर त्यावर आडवं, मोठं ‘खोटं’ असं लिहूनच दाखवा. नाहीतर तुमच्याच पानावरून तो पुन्हा फिरायला लागतो. शाळेच्या सुट्टीचं बनावट पत्र हा दर पावसाळ्यातला प्रकार आहे: मागच्या आदेशाची तारीख बदलतात आणि रात्री सोडून देतात. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सुट्टीचा निर्णय रोज ठरावीक वेळी सांगणं, सुट्टी नसेल तरीसुद्धा. लोकांना खरी वेळ माहीत असली की खोट्या पत्राला वावच राहत नाही.

सगळ्या अफवा मात्र इतक्या सहज मिटत नाहीत. 1 जुलै 2018 ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यातून मी एवढंच घेतलं आहे की अशी अफवा पहिल्यांदा कानावर येते, त्याच दिवशी बोलायचं. आणि एक्सवर नव्हे, गावच्या बोलीत, पोलीस पाटलाच्या आवाजात, दीड मिनिटाची ध्वनिफीत करून. अहिराणी बोलणाऱ्या गावात अहिराणीतून. जमाव जमल्यावर कोणी फोन बघत नाही.

त्यावरून पुढची गोष्ट. समाजमाध्यम जिथे पोहोचत नाही ती जागा ओळखून ठेवा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आजही एका टेकडीवर रेंज असते आणि दुसरीवर नसते. वीज गेली की काही तासांत टॉवरही बंद पडतो. तिथे कोतवाल, पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक आणि देवळाचा भोंगा हेच खरं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपचा पहिला उपयोग जनतेसाठी नाही, या माणसांसाठी आहे. त्यांचा वेगळा ग्रुप ठेवा, त्यात सुप्रभात आणि वाढदिवस बंद, आणि संदेश मिळाल्यावर प्रत्येकाने गावाचं नाव लिहून पोच द्यायची. ज्या गावाची पोच आली नाही, तिथे फोन किंवा गाडी पाठवायची. केंद्राच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या सगळ्या मोबाईलवर मोठ्या आवाजाचा इशारा पाठवता येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. 2023 मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर चाचणीचा भोंगा वाजला होता, तोच हा. तो तालुक्यासाठी कोणामार्फत मागवायचा, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून आत्ताच विचारून ठेवा.

2027 च्या सिंहस्थात तुम्हाला बंदोबस्ताच्या कामाला बोलावणं येईलच, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. 27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. ऐन गर्दीत फोन लागत नाहीत, खिशातून फोन काढायलाही जागा नसते, त्यामुळे घाटावरच्या माणसासाठी ध्वनिक्षेपक आणि वरून बोलणारा पोलीस हेच साधन. समाजमाध्यम आहे ते अजून घाटावर न पोहोचलेल्यांसाठी: शहरातल्या द्वारका चौकात थांबलेले, नाशिकरोड स्टेशनवर उतरलेले, मुंबई महामार्गावर गाडीत बसलेले. त्यांना ‘रामकुंडाकडे आत्ता येऊ नका, तपोवनाकडे वळा’ असं वेळेत सांगितलं तर मागून येणारा रेटा कमी होतो. आणि घरी बसलेल्या नातेवाइकांसाठी, जे टीव्हीवर काहीतरी ऐकून फोनवर फोन करत राहतात. मेळा पावसाळ्यातच येतो, म्हणजे पूर आणि गर्दी एकाच दिवशी, हेही धरून चाला.

शेवटची बाब कोरडी वाटेल, पण यामुळे ऐन वेळी पानं बंद पडलेली मी पाहिली आहेत. आपल्याकडे बदल्या मे-जूनमध्ये होतात आणि पावसाळा त्याच्या पाठोपाठ येतो. खातं उघडलेलं असतं आधीच्या कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाईलवर, पासवर्ड बदलायचा कोड जातो त्याच नंबरवर, आणि तो माणूस आता गडचिरोलीला असतो. म्हणून खाती कार्यालयाच्या सिमवर आणि कार्यालयाच्या ईमेलवर घ्या. चालवणारे किमान तिघे ठेवा, त्यातला एक रात्रपाळीचा. खात्याचा पत्ता कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि दारावरच्या फलकावर लावा, म्हणजे खोटं खातं कुठलं ते लोकांना ताडून बघता येईल. पदभार देण्या-घेण्याच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या लिहितात, तिथेच या खात्यांचीही नोंद करा आणि नव्या माणसाने सगळ्यांसमोर एकदा लॉगिन करून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका. तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात, तेव्हा तुमच्या आधी हे काम बघणाऱ्यांना आजच फोन करा.